शेजारीण म्हणाली, ‘पथेटिक’

माझ्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आली, त्याच सुमारास आमच्या शेजाऱ्याची आई फ्रान्सहून त्याच्याकडे राहायला आली. दोघींनाही इंग्रजी जेमतेमच. तरी कुंपणावरून कोथिंबीरवड्या पलीकडे जायच्या नि जर्दाळूचा जॅम अलीकडे यायचा.

दुपारी आई बाळाला घेऊन मागच्या गार्डनमध्ये बसायची आणि अंगाई म्हणायची. आवाज खणखणीत. एकदा मी तिथेच कपडे वाळत घालत होते. शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी उभं राहून अख्खी अंगाई ऐकली, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "व्हेरी पथेटिक, मादाम."

मी चरकले. डोळ्यांचं म्हणाल तर जूनमध्ये तिथे निम्म्या गल्लीचे डोळे परागकणांच्या ॲलर्जीनं पाणावलेले असतात.

"काय म्हणाल्या गं त्या?" आईनं विचारलं.

"केविलवाणं वाटतं म्हणे."

आई बाळाला उचलून आत गेली. पुढे ती बाळाला नुसती थोपटून निजवायची. मीही कधी "म्हण ना" म्हटलं नाही.

आई पुण्याला परतल्यावर एकदा शेजारच्या बाई मुलाला सोबत घेऊन दारात आल्या.

"तुमच्या आईंनी गाणं का थांबवलं, त्या आजारी होत्या का, असं विचारतेय ही," मुलगा म्हणाला.

मी अडखळत तो शब्द सांगितला. त्यानं कपाळाला हात लावला. "फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काळजाला भिडणारं! मूळचा ग्रीक शब्द आहे तो. इंग्रजीत येऊन त्याची अशी दशा झाली."

बाईंना काय घडलं ते कळलं, तेव्हा त्या माझा हात धरून कितीतरी वेळ सॉरी म्हणत राहिल्या. मला मान वर करवेना. नंतर ऑफिसमधल्या पोलिश मैत्रिणीला विचारलं, तर त्यांच्याकडे तोच शब्द भारदस्त, अंमळ फुगवलेल्या भाषेला लावतात. मी मात्र मला ठाऊक असलेला एकच अर्थ आईच्या पदरात टाकून मोकळी झाले होते.

आईला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली.

"अगं, त्या बाईंचं मला काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "तू सांगितलंस ना, तेव्हा तुझा चेहरा बघितला. वाटलं, तुलाच लाज वाटतेय."

लाज वाटत होतीच. त्या गल्लीत आम्ही नवे होतो, आणि आईचा आवाज चढला की मी किचनची खिडकी लावून घ्यायचे.

दोन वर्षांनी आई पुन्हा आली. तोवर लेकाला झोपताना सीडीवरची इंग्रजी गोष्ट लागायची.