मॅडमसमोरची मराठी

पंजाबातल्या खरडहून मोहालीच्या ऑफिसला मी आणि ऑफिसातला माझा मित्र त्याच्या गाडीनं जायचो. गाडी त्याची, म्हणून गाणीही त्याचीच. माणूस जळगावचा, पण तीन वर्षांत पक्का पंजाबी झालेला. प्रत्येक गाण्यात एक जीप, एक बंदूक आणि एक रुसलेली मुलगी. मध्येच बातम्या लावायचा, तर तिथंही नुसता आरडाओरडा. शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले त्या आठवड्यात तर निवेदक स्वतःच सीमेवर उभा असल्यासारखा किंचाळत होता. मला दोन्हींचा वैताग यायचा. तरी सहन करायचो, कारण इथं मनातलं बोलायला मला तोच एक मित्र होता. मराठी सिनेमा लागलाच तर रविवारी सकाळचा एक खेळ. प्रेक्षक म्हणजे आम्ही दोघं आणि बदलीवर आलेली चार सरकारी कुटुंबं. सिनेमा भिकार निघाला तर मला जास्तच बरं वाटायचं, कारण बाहेर येऊन तासभर त्याला शिव्या घालता यायच्या.

ऑफिसात ही मराठीत शिव्या घालायची सवयच नडली. परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांची ही खोडच आहे. चारचौघांत मराठीत बोललं की आपण बंद खोलीत बसलोय असं वाटतं. आमच्या मॅडम शीख. त्यांच्या शेजारच्याच टेबलावर डबा उघडून मी रोज त्यांची सालटी काढायचो. मीटिंग घेतात की पारायण करतात, स्वतःला कामातलं ओ की ठो कळत नाही, वरून आम्हाला शिकवतात. तो स्वतः काही बोलायचा नाही. नुसता हसायचा आणि मी थांबलो की विचारायचा, आणि मॅडमचं ते परवाचं? मग मी आणखी पेटायचो.

मार्चमध्ये मॅडम पंधरा दिवस रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मी पोळीचा तुकडा मोडत म्हणालो, "नाटक बघ. काम अंगावर आलं की बरोबर यांच्या घरातलं कुणीतरी मरतं." तो तेव्हाही हसला.

गेल्या महिन्यात माझ्या अप्रेझलला त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि शांतपणे मराठीत बोलायला लागल्या. "माझं माहेर नांदेडचं. गुरुद्वाऱ्याच्या मागं घर होतं आमचं. दहावीपर्यंत मराठी शाळेतच शिकले मी."

मार्चमध्ये त्यांची आई गेली होती, हेही त्यांनीच सांगितलं. कामाबद्दल जे बोललात ते मी ऐकून घेतलं, त्यातलं थोडं खरंही होतं, असं त्या म्हणाल्या. आईबद्दल पुढं काहीच बोलल्या नाहीत. मी उठताना मात्र त्यांनी विचारलं, "तुमच्या मित्राला मी तुम्ही इथं आलात त्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मला मराठी कळतं म्हणून. तुमच्या कानावर घाला म्हटलं होतं. ते बोलले नाहीत का?"

रेटिंग त्यांनी चांगलं दिलं. त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी गाडीत गाणं बंद करून मी त्याला विचारलं. समोरच्या सिग्नलकडे बघतच तो म्हणाला,

"तू बोलायचास ना, तेव्हा मीच तिला सुनावतोय असं वाटायचं, यार. माझी हिंमत नव्हती."

माफी नाही, काही नाही. दीड वर्ष हरामखोरानं माझं तोंड वापरलं. त्याला झोडपायला मी शब्द जुळवत होतो, पण मार्चमधलं ते वाक्य दर वेळी आडवं यायचं. ते त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. खरड यायच्या आधीच मी गाडी थांबवायला लावली आणि उतरलो.

आता मी बसनं जातो. तो समोर आला की मी फोन काढून बघत बसतो. दुपारी मॅडम माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबतात आणि मराठीत विचारतात, जेवलात का? मी मान वर न करता हिंदीत उत्तर देतो.