बाळंतिणीची बाजरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मूठ-धान्याची रीत आहे. सकाळी जात्यावर बसण्याआधी घरधनिणीनं एक मूठ दाणे प्रभूसाठी वेगळे काढायचे आणि रविवारी भक्तीला न्यायचे. मी लग्नापासून हे करत आले. नगरच्या मिशनच्या कंपाउंडात वाढले, तिथं ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की मूठ काढताना प्रार्थना राहून जाते आणि डोक्यात भाजीचा विचार चालू असतो. हे कबूल केलेलं बरं.

यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही कासारवाडीला चाळीत राहायला आलो. आमची सात-आठ कुटुंबांची मंडळी. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, जवळ नव्हतं, म्हणून एकाच्या खोलीत भक्ती व्हायची आणि पाळकसाहेब खडकीहून सायकलवर यायचे. बाकी चाळ साताऱ्याकडची, बीडकडची. चाळीत शब्द चालायचा तो एका साताऱ्याकडच्या बाईंचा. त्या ज्या दारात जात नसत तिथं दुसरी कोणी जात नसे.

त्यांचं आणि माझं चार महिने बोलणं नव्हतं. नळावर माझी बादली त्यांच्या घागरीला लागली, तेव्हा त्यांनी माझ्यादेखत घागर राखेनं घासून काढली. मी म्हणाले, "आता नळही घासून घ्या, त्याला मी रोज हात लावते." सगळ्या बायका खो-खो हसल्या. मला त्याचा आनंद झाला, आणि तो पुष्कळ दिवस पुरला.

आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडची एक पोरगी बाळंत झाली. पहिलंच मूल. आई यायची होती, पण तिच्याच घरी आजारपण निघालं, आठ दिवस तरी सुटका नव्हती. नवरा पाळीवर जायचा. त्याला फक्त चहा करता येत होता. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन पोराला अंघोळ घालत होते, बाळंतिणीचे कपडे धूत होते. जेवणही नेत होते. अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. ताटं रिकामी परत येत होती. पोर मात्र सारखं रडत होतं. बाळंतिणीला दूधच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, खोलीमागच्या गटाराशी माझी खीर दिसली. वर माशा.

मी सरळ नवऱ्याला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "बाई, राग मानू नका. तिला म्हणलं मी, खा. पण तिच्या आईला कळलं तर तिला दारात उभं करायची न्हाई. कोरडा शिधा आसता तर चाललं आसतं. पन शिजवावं कुणी?"

मला राग आलाच. पण चूक माझी होती. मी कंपाउंडात वाढलेली, कोणाच्या हातचं कोण खातं हा हिशेब मला कधी करावा लागला नव्हता, म्हणून इथंही केला नाही. तीन दिवस ती पोर चहावर होती.

घरी येऊन रविवारसाठी मूठमूठ साठवलेले दाणे पाखडायला घेतले. आणि प्रभूचं ते वचन आठवलं, की कोणाशी वाकडं असेल तर अर्पण तसंच ठेवून आधी त्याच्याकडे जावं. ते ऐकताना मी वर्षानुवर्षं मान हलवत आले होते. सूप उचललं आणि तशीच साताऱ्याकडच्या बाईंच्या दारात गेले.

"काय हाय?" त्यांनी चुलीपुढून विचारलं.

"बाजरी आहे. कोरडी. त्या पोरीनं तीन दिवस अन्न खाल्लं नाही. माझ्या हातचं ती टाकून देते. तुमच्या हातचं खाईल."

"आगं बया! मी म्हणलं तुमीच सारक्या जाताय, समदं तुमचंच चाललंय. तुमी आसताना मी कशाला पाय ठिवू?"

"म्हणूनच आले."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आन नळाचं काय?"

"नळाचं माझं चुकलं. चारचौघींत तुमचं हसं करायला नको होतं."

"आवं, माझी जाऊ आजून इचारती, नळ घासला का म्हणून!" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच फस्सकन हसल्या. घागरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मग वाटणी त्यांनीच केली. "दळा तुमी. कोरडं हाय, चालतंय. पानी मी घालती." मी दळलं, त्यांनी भाकऱ्या थापल्या. पण बाळंतिणीला दहा दिवसांचा विटाळ, त्या तिला शिवायच्या नाहीत. त्यांनी उंबऱ्यापलीकडून ताट सरकवलं. म्हणजे अन्नाला हात लावायचा नाही मी, आणि बाळंतिणीला हात लावायचा नाही त्यांनी. दोघींचं मिळून एका बाईचं काम नीट झालं. पाळकसाहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर उपदेश केला असता, म्हणून सांगितलं नाही.

पोरीनं पहिला घास घेतला आणि उरलेली भाकरी ताटात ठेवली. "मला जाईना, मावशी."

"जाईना कसं? ह्या बाईंनी जात्यावर घाम गाळलाय," उंबऱ्यावरून दम आला. "गुळ लावून खा. आन तुमी काय बघत बसलाय? पाठीला तेल चोळा तिच्या."

मी तेल चोळत बसले. पोरीनं एक भाकरी संपवली, मग विचारलं, "अजून हाय का?"

"हाय की! खा, सुपभर हाय."

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या दोघी-तिघी लसूण, खोबरं घेऊन आल्या. आता वाट मोकळी झाली होती. सोमवारी दुपारी पोर पोटभर प्यायलं आणि झोपलं. मी धुतलेली दुपटी दोरीवर टाकली आणि घरी जाऊन तासभर आडवी झाले. इतके दिवस त्याच्या रडण्यानं डोळा लागला नव्हता.