बेडकीचं पाणी

ज्या कारखान्यानं ही गाडी बनवली त्याचं नाव मी सांगणार नाही. माझा मेहुणा तिथे पंधरा वर्षं दरवाजे बसवत होता, आणि त्यानं बसवलेला दरवाजा कसा लागतो हे मला चांगलं ठाऊक आहे. इंजिन मागे, दिवे डोळे वटारल्यासारखे पुढे, पाठ बसकी. आमच्या रास्ना गावात सगळे तिला बेडकीच म्हणायचे. गावात अशा अकरा बेडक्या होत्या आणि अकराही माझ्या हाताखालून गेल्या. त्यातली एक मी 'आता संपली' म्हणून सांगितल्यावरही उठून चालायला लागायची. ती विदोसावाची.

खरं तर ती तिच्या नवऱ्याची, मिलुतिनची. मिलुतिन जंगलखात्यात रखवालदार होता. गाडी आली तेव्हा आठवडाभर त्यानं ती अंगणात नुसती उभी ठेवली आणि बघायला येईल त्याला राकिया, आमची घरची दारू, पाजली. विदोसावाचा त्या गाडीशी संबंध एवढाच, की रविवारी तिनं ती धुवायची. सुकाणूला हात लावायची सोय नव्हती. "बायकांचं लक्ष रस्त्यावर नसतं," असं मिलुतिन म्हणायचा. त्याचं स्वतःचं लक्ष कायम रस्त्याकडेच्या आलुबुखारांवर असायचं, आणि म्हणून पुढचा उजवा पत्रा मी तीनदा सरळ केला होता.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, आणि मशीन शहरात, बुकोवा घाट ओलांडून सत्तावीस किलोमीटरवर. इस्पितळाची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंतच यायची. बस निघायची अकराला आणि त्याची पाळी सकाळी सातची. पहिले दोन महिने आम्ही शेजाऱ्यांनी आळीपाळीनं नेलं. पण आजारी माणसाचं असं असतं, की पहिल्या महिन्यात सगळं गाव धावतं आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला गवत कापायचं असतं. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू?

एका संध्याकाळी विदोसावा माझ्या दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मिस्तरी, मला गाडी शिकव."

"वहिनी, एक्कावन्न वर्षांच्या झालात तुम्ही."

"मशीन माझं वय विचारत नाही. सातला पोचलं पाहिजे, एवढंच म्हणतं."

शिकवलं. मठामागच्या कुरणात, गाई हाकलून. ती गाडी चालवायला शिकणं म्हणजे खाष्ट सासू सांभाळायला शिकणं. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही. तिसरा उतारावर आपणहून सुटतो, म्हणून दांडा गुडघ्यानं दाबून धरायचा. डाव्या दाराला बाहेरून मूठ आहे पण ती शोभेची. पाऊस आला की पाणी छतातून नाही, जमिनीतून येतं. मी हे सगळं एकेक सांगत होतो आणि ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मिलुतिनसारखीच आहे. चालेल."

परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा परीक्षकाशेजारी बसल्या बसल्या तिनं त्याला सांगितलं, "साहेब, आज पास केलंत तरी मी परवा गाडी नेणार आणि नाही केलंत तरी नेणार. तुमच्या घरावरूनच रस्ता आहे." तो माणूस समजूतदार निघाला.

मिलुतिन शेजारच्या आसनावर बसायचा आणि सत्तावीस किलोमीटर शिकवायचा. "ब्रेक. अगं ब्रेक. आता का ब्रेक?" ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र तिनं घाटातच गाडी थांबवली, उतरली आणि त्याचं दार आतून उघडायची वाट बघत उभी राहिली. "ये, तू चालव." त्याला तेव्हा घरातून गाडीपर्यंत धरून आणावं लागत होतं. त्यानंतर त्याची शिकवणी निम्म्यावर आली.

आता खरी भानगड सांगतो. बेडकीला घाट चढवत नाही. उन्हाळ्यात तर बुकोवाच्या निम्म्यातच तिला उकळी फुटते. आम्हा सगळ्यांचा त्यावर एकच उपाय. मागचं झाकण लाकडाचा ठोकळा लावून अर्धवट उघडं ठेवायचं, आणि आतलं हीटर पूर्ण सोडायचं, भर जुलैत, म्हणजे इंजिनाची निम्मी आग आपल्या पायांवर येते आणि इंजिन तगतं. खिडक्या उघड्या असतील तर माणूसही तगतो. शिवाय तीन लिटरचा पाण्याचा डबा पायाशी, घाटमाथ्याच्या अलीकडे थांबून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ओतायला. विदोसावाला हे मीच शिकवलं, आणि मोठ्या अभिमानानं शिकवलं.

पण खिडक्या उघडायच्या कोणी? आमच्याकडे माणूस लांडग्याला भीत नाही, पोलिसाला भीत नाही, पण आरपार वाऱ्याला भितो. प्रोमाया म्हणतात त्याला. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की कान जातो, मान धरते, तोंड वाकडं होतं. आणि आजारी माणसाला तर विचारूच नका. मिलुतिनची बहीण झागोर्का गवताच्या दिवसांत त्यांच्याकडे राहायला यायची. ती रोज सकाळी गाडीपाशी येऊन स्वतःच्या हातानं काचा वर करायची. "विदा, वारा लागला तर माझा भाऊ तुझ्या हातून जाईल, सांगून ठेवते." मिलुतिनलाही तेच वाटायचं. विदोसावालाही. आणि मलाही, लपवून काय करू?

तर मिलुतिन त्या भट्टीत बसायचा, अंगावर लोकरीची बंडी. आणि त्याला दिवसाला अर्धा लिटर पाणी, सूप-कॉफी धरून. डॉक्टरांनी विदोसावाला बजावलं होतं, जास्त प्यायला तर फुप्फुसात पाणी भरेल आणि दोन डायलिसिसच्या मध्येच तो जाईल. घरात तिनं पाण्यावर पहारा बसवला होता. बादलीवर झाकण, झाकणावर पाट, पाटावर झागोर्का. जेवताना कलिंगड नाही, काकडी नाही. तो मागायचा आणि ती नाही म्हणायची, दिवसातून वीस वेळा. गावातल्या बायका तिला दगड म्हणायच्या. तिनं मला एकदाच सांगितलं, "तिहोमिर, त्याला नाही म्हणून म्हणून माझ्या तोंडाची चव गेली."

त्या जुलैत मिलुतिनला नवा छंद लागला. दुपारी तो भिंत धरून धरून अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचा. विदोसावाला बरं वाटलं. बिचाऱ्याला गाडीची आठवण येते, बसू दे. निघायच्या दिवशी तर तासभर आधीच जाऊन बसायचा.

तो गुरुवार होता. पुढचं मी विदोसावाकडून, मिलुतिनकडून आणि गवत कापणाऱ्या म्हाताऱ्या वुकोयेकडून, तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि तिन्ही जुळलं. घाटमाथा तीनशे पावलांवर असताना बेडकीनं वाफ सोडली. विदोसावानं बाजूला घेतली, उतरली, डबा उचलला. डबा रिकामा.

"सांडलं का रे?"

मिलुतिननं तोंड फिरवलं. त्याचा चेहरा सुजलेला होता, तो उन्हानं म्हणून तिनं सोडून दिला होता. आता तिनं नीट बघितलं. वाक्याच्या मध्येच त्याला दम लागत होता.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून," तो म्हणाला. "थोडं थोडं. काल रात्री संपलं."

"तीन लिटर?"

"गाडीला पाजतेस ना माझ्यासमोर? एका वेळी सगळं? मी बघत बसतो."

तिला राग आला. इतका, की डबा त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं, हे तिनंच मला सांगितलं. पण सव्वासहा वाजून गेले होते. तिनं डबा खाली ठेवला आणि वरच्या उतारावर गवत कापणाऱ्यांना हाक मारली.

वुकोये आणि त्याचे चार जण आले. येताना मातीचा घडा घेऊन आले, पाहुण्याला आधी पाणी द्यायचं असतं म्हणून. वुकोयेनं मिलुतिनचा श्वास ऐकला आणि घडा थेट त्याच्या तोंडाशी नेला. "पी बाबा, पी."

विदोसावानं घडा हिसकावला. "त्याला नाही. गाडीला."

"अगं बाई, माणूस तडफडतोय."

"दिसतंय मला. त्याला नाही, गाडीला."

वुकोये मला म्हणाला, "मी दोन लढाया बघितल्या, पण अशी बाई बघितली नाही." मिलुतिन त्या घड्याकडे बघत होता आणि रडत होता. तिनं फडक्यानं टोपण उघडलं, वाफ जाऊ दिली आणि शेवटच्या थेंबापर्यंत घडा इंजिनात ओतला. बेडकी तापलेली, सुरू होईना. थांबायला वेळ नव्हता. "ढकला," ती म्हणाली. पाचही जणांनी तीनशे पावलं गाडी ढकलली, घाटमाथ्यावर नेली आणि उतारावर सोडली. गुडघा नीट लागेना, म्हणून तिनं मिलुतिनला सांगितलं, "दांडा धर. दोन्ही हातांनी. सोडलास तर दोघंही नदीत." तो माणूस धापा टाकत, दोन्ही हातांनी तिसरा गिअर धरून बसला. चौथ्या वळणावर इंजिन फुरफुरलं आणि लागलं.

सात वाजून दहा मिनिटांनी ती दोघं इस्पितळात पोचली. तिथे आत घेण्याआधी वजन करतात, अंगात पाणी किती साठलं ते कळायला. नर्स देसानं काटा बघितला, पुन्हा बघितला. "चार किलो आठशे जास्त. अजून दोन तास उशीर झाला असता तर मशीनही काही करू शकलं नसतं. कोणी पाजलं यांना?"

मिलुतिननं मान खाली घातली.

"माझी चूक," विदोसावा म्हणाली. "मी त्याला भट्टीत बसवलं आणि पुढ्यात पाणी ठेवलं. कोण नाही पिणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली. "मिस्तरी, त्याच्या बाजूची काच काढ."

"खाली करून ठेवा की."

"खाली केली तर झागोर्का वर करेल. ती गेली तर तो स्वतः करेल. काढ. माझ्या बाजूचीही."

मी हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, वारा लागेल त्याला."

"लागू दे. वाऱ्यानं मेलेला माणूस अजून मी डोळ्यांनी बघितलेला नाही. पाण्यानं मरता मरता वाचलेला काल बघितला."

काढल्या. झागोर्का दुकानात येऊन मला खुनी म्हणाली. विदोसावाला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. विदोसावानं सगळं ऐकून घेतलं आणि वर विचारलं, "संपलं? मग शनिवारी पहाटे लवकर उठ, त्याची टोपी शोधायची आहे."

शनिवारी मी मागच्या आसनावर बसून गेलो. सांगायला ब्रेक बघायचे होते. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. कुंपणाकुंपणाशी लोक उभे होते, जणू प्रेतयात्रा निघाली आहे. मिलुतिन कानटोपी घालून, कानात कापूस कोंबून, गळ्याला दोन मफलर गुंडाळून बसला होता. वारा या खिडकीतून त्या खिडकीत सरळ आरपार जात होता. पहिले पाच किलोमीटर त्यानं डोळे मिटून घेतले. घाट लागला, हीटरची आग सुटली, आणि त्यानं एक मफलर काढला. दुसऱ्या वळणावर दुसरा. मग कापूस.

घाटमाथ्याच्या अलीकडे, नेहमीच्या जागी, तिनं गाडी थांबवली. डबा भरलेला होता. नवा डबा, कुलूप लावता येईल असा, मीच तिला देऊ केला होता. तिनं तो घेतला नाही. जुनाच होता, साध्या टोपणाचा. तिनं तो उचलला, गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली आणि काच नसलेल्या चौकटीतून आत धरला.

"आजपासून तू ओत," ती म्हणाली.

मी म्हणणार होतो, वहिनी, हे काय करताय. पण तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंड मिटलं.

मिलुतिन उतरला. गाडीला धरून धरून मागे गेला. टोपण उघडलं. पहाटेच भरलेलं पाणी अजून गार होतं, डब्याच्या बाहेरून थेंब जमले होते आणि त्याच्या बोटांवरून ओघळत होते. ती त्याच्याजवळ गेली नाही. रस्त्याच्या पलीकडे तोंड करून, पाठमोरी उभी राहिली. त्यानं डबा तिरका केला आणि सावकाश, एकही थेंब बाजूला न जाऊ देता, तीनही लिटर बेडकीला पाजले. शेवटी डबा उलटा करून झटकला. मग ओली बोटं पँटला पुसली.

"झालं," तो म्हणाला. "चल, सात वाजतील."

पुढची आठ वर्षं ते पाणी त्यानंच ओतलं.