पहिला शब्द टाकणारा

आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी सव्वीस वर्षं एकच काम केलं. पहिला शब्द टाकला. कीबोर्डवर सुरुवातीची ओळ वाजून झाली की गाण्याचा पहिला शब्द मी उचलायचो आणि बाकीचे दहा-अकरा जण माझ्या मागोमाग यायचे. हे फक्त सुरुवातीला नाही, प्रत्येक ओळीला. कुणी शब्द विसरलं की मी सांगायचो, कुणाचा सूर घसरला की त्याच्या कानाशी वाकून त्याचाही सूर मीच गायचो. लोक म्हणायचे, काका आहेत म्हणून मंडळ आहे. मला ती स्तुती वाटायची आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो.

मला तरी हे कळायला हवं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, माझी सगळी नोकरी झाली. शिकाऊ पोरं माझ्या हाताखाली द्यायचे. तिथे माझा एक नियम होता, पोराच्या हातातली लोखंड घासायची कानस आपण घ्यायची नाही. जॉब बिघडला तर बिघडू दे, भंगारात टाक, दुसरा तुकडा घे. एकदा का आपण कानस हातात घेतली, की ते पोर जन्मभर आपल्या हाताकडे बघत बसतं. त्या पोरांतली काही आज स्वतःची वर्कशॉप चालवतात, रस्त्यात भेटली की पाया पडतात. आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चमध्ये सरावाला आलो की हाच माणूस सगळ्यांच्या हातातल्या कानशी काढून घ्यायचा. कारण सांगतो. कारखान्यात मला माझ्या हातांचं कौतुक नव्हतं. चर्चमध्ये मला माझ्या गळ्याचं होतं.

मागच्या पावसाळ्यात त्या गळ्यातच गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ जाईल, पण आवाजाची खात्री देत नाही. गाठ गेली, सोबत आवाजही गेला. उरली ती नुसती घरघर, स्वयंपाकघरातल्या बायकोला बाहेरच्या खोलीतून ऐकू जात नाही एवढी. तिनं मला एक चमचा आणि स्टीलची वाटी दिली. काही हवं असलं की वाजवायची, बाकीचं बोलणं पाटीवर लिहून.

दोन महिन्यांनी पहिल्यांदा सरावाला गेलो. वाटलं, सव्वीस वर्षं शिकवलंय, गातील की. आमचा कीबोर्ड एक विमा एजंट वाजवतो. त्यानं सुरुवातीची ओळ वाजवली. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळ संपली. कुणी तोंड उघडलं नाही. त्यानं परत वाजवली, परत तेच. चौथ्या वेळेला कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. मी पण हसलो. गाणं सगळ्यांना पाठ होतं, शब्द न् शब्द. सुरू करणं तेवढं कुणालाच येत नव्हतं, कारण ते मी कधी कुणाला करूच दिलं नव्हतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन सात शब्दांची उपासना असते. वधस्तंभावरून प्रभूनं उच्चारलेली सात वचनं, प्रत्येकावर छोटा उपदेश आणि त्यानंतर एक गाणं. वर्षानुवर्षं तीच सात गाणी. म्हणजे सात वेळा कुणीतरी पहिला शब्द टाकायला हवा होता. मी मनाशी ठरवलं, तोवर एक तरी माणूस तयार करायचा. नाहीतर मी सव्वीस वर्षांत काहीच शिकवलं नाही.

हातवारे करून पाहिले. छातीवर हात म्हणजे श्वास घ्या, हात पुढे म्हणजे सुरू. मंडळी हाताकडे बघायची आणि तरी एकमेकांसाठी थांबायची. पाळी लावली, तर ज्याची पाळी तो त्या शनिवारी गैरहजर. पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळीनंतर तिघं जण दुसऱ्या चर्चला जाऊ लागले, तिथे स्टेजवर रंगीत लाइट आहेत म्हणे. एकाची पुण्याला बदली झाली. मी सोडून सात उरले.

त्या सातांत एक नर्स होती. माहेर सायखेड्याचं, चाळिशीची, ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या बुटांत सरावाला यायची. आवाज खालचा, पण पक्का. पंधरा वर्षं ती मागच्या रांगेत कोपऱ्यात उभी होती आणि तिचा सूर कधी चुकला नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझ्याच आवाजाखाली तो दबलेला होता.

मी तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, "नाय काका, मला नाय जमायचं. लय भीती वाटते. सगळे माझ्याकडंच बघतील."

मी पाटीवर लिहिलं, 'सलाइन लावताना हात थरथरतो का?'

"तिथं काय, पेशंट झोपलेला असतो," ती म्हणाली.

उत्तम शुक्रवारच्या आधीच्या उपवासकाळाचे सहा आठवडे मी तिच्यामागे लागलो. ती श्वास बरोबर घ्यायची, तोंड उघडायची आणि ऐन वेळी माझ्याकडे बघायची. माझे ओठ आपोआप हलायचे आणि ती माझ्या ओठांमागून यायची. आवाज नसूनही मी तिच्या हातातली कानस घेतच होतो. शेवटच्या आधीच्या शनिवारी मला स्वतःचाच इतका राग आला की मी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मंडळाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलो. कीबोर्डवर ओळ वाजली. संपली. मग तिचा आवाज आला. एकटीचा. पहिला शब्द, दुसरा शब्द, आणि तिसऱ्याला बाकीचे सहा जण तिच्यामागे आले.

मी मागे वळलो नाही. भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत रडलो. त्या दिवशी तिनं सातही गाणी सुरू केली. जाताना म्हणाली, "शुक्रवारची ड्यूटी बदलून घेते काका." घरी जाऊन मी वाटी एवढी वाजवली की बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली.

शुक्रवारी ऊन फार होतं. चर्च भरलेलं, पंखे गरम हवा फिरवत होते. मी मुद्दाम तिसऱ्या बाकावर बसलो, मंडळापासून लांब. पहिला उपदेश संपला. ती पुढे उभी होती, दोन्ही हात साडीच्या पदरात घट्ट. तेवढ्यात मला दिसलं की विमा एजंटाचे हात कीबोर्डवर नाहीत, मांडीवर आहेत. तरी सुरुवातीची ओळ वाजली, ती भिंतीवरच्या स्पीकरमधून. आणि तिनं श्वास घेतला तेव्हा पहिला शब्द मी टाकला.

माझा आवाज होता. गेल्या वर्षीचा. आमचे पाळक तिशीतले, मनाचे चांगले. ज्यांना चर्चला येता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी त्यांनी ती अख्खी उपासना मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. तीच कुणाकडून तरी साफ करून घेतली होती. मला न सांगता, मला आनंद व्हावा म्हणून. मंडळ एका झटक्यात माझ्यामागे आलं, नेहमीसारखं, चोख. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बायका डोळे पुसायला लागल्या.

गाणं संपलं. पाळकांनी वेदीजवळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावून विचारलं. चालू ठेवू ना?

तिथे मी हात उभा करू शकलो असतो. नुसती मान आडवी हलवली असती तरी पुरे होतं. पण नऊ महिन्यांनी मी माझा आवाज ऐकत होतो. तो किती चांगला होता हे मी विसरलो होतो. मला तो आणखी ऐकायचा होता. मी मान उभी हलवली. पाळकांच्या पलीकडे ती उभी होती, तिनंही पाहिलं.

सातही गाणी मीच सुरू केली.

उपासनेनंतर लोक माझे हात हातात घेत होते. ती गर्दी ओसरेपर्यंत दाराशी थांबली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, मी श्वास घेतला व्हता." तक्रार नव्हती. सांगायचं म्हणून सांगितलं आणि ड्यूटीला गेली.

आता दर रविवारी पेनड्राइव्ह लागतो. जुनी आणखी रेकॉर्डिंग सापडली आहेत. सराव बंद झाला, कारण गरजच उरली नाही. ती मागच्या रांगेत कोपऱ्यात परत गेली. ये रे माझ्या मागल्या. मी दोनदा तिच्यापाशी गेलो, पाटीवर लिहिलं, 'एकदा तरी स्पीकर बंद करून गा.' पहिल्यांदा ती नुसती हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "कशाला काका? तुम्ही हाय ना." पाळकांशीही मी बोललो, म्हणजे लिहिलं. ते म्हणाले, बघू या, नवीन वर्षात. त्यांच्या तोंडावर एवढं प्रेम होतं की मी पाटी पुसून टाकली.

परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. दुसऱ्या बाजूलाही काहीतरी दिसतंय म्हणाले. बायको रिक्षात माझा हात धरून बसली होती आणि मी भलत्याच गोष्टीचा विचार करत होतो. माझ्या मातीला हीच मंडळी येतील, शवपेटीभोवती उभी राहतील. कुणीतरी स्पीकर लावेल. पहिला शब्द मी टाकीन, आणि सगळे बरोबर वेळेवर माझ्यामागून गातील.