मुरगळलेलं मनगट आणि सड्यावरचं गोल्फ

“बाय, तुजाच हात बांधलेला. माज्या सुनेला कशी गो सोडवशील?”

प्रसूतीच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या म्हातारीने हे विचारलं. तिची सून मालगुंडहून मचव्यातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, आली होती. पहिलटकरीण. कळा आदल्या दिवसापासून चालू. आता पोरीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं आणि बाळाचे ठोके मंदावत चालले होते.

ही गोष्ट तीसच्या दशकातली. रत्नागिरीत बायकांच्या दवाखान्यात मी एकटी डॉक्टर. माझ्या वर सिव्हिल सर्जन, पण ते देवरुखला दौऱ्यावर. निरोप जाऊन ते येईपर्यंत दिवस मावळला असता. बाळ तेवढं थांबणारं नव्हतं.

माझ्या हाताला बँडेज होतं ते गोल्फमुळे.

जज्जसाहेबांच्या पत्नी शिरीनबाई पारशी. बदली होऊन आल्या त्या काठ्यांची पिशवी घेऊनच. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, साहेबलोकांनी गोल्फचं मैदान आखलं होतं. तिथे हिरवळ टिकत नसे, म्हणून प्रत्येक भोकाभोवती चाळलेल्या रेतीचं वर्तुळ. त्याला ‘ब्राउन’ म्हणत. शिरीनबाईंना जोडीला कुणी मिळेना, त्यांनी मला ओढलं. दिवसभर कण्हणं ऐकून झाल्यावर तिथला वारा बरा वाटे. पुढे चटकच लागली.

पण माझा स्विंग वाईट. स्विंग म्हणजे काठी मागे उचलून चेंडूवर आणायची ती हालचाल. मला वाटे, काठी जितकी मागे जाईल आणि मनगटाचा झटका जितका जोराचा, तितका चेंडू लांब. शिरीनबाई म्हणत, “डॉक्टर, तुम्ही बॉलला मारता नी, त्याच्या आधी जमीनला मारता!” आदल्या संध्याकाळी तेच झालं. काठी चेंडूमागच्या कातळावर आदळली आणि उजव्या मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. हाड शाबूत होतं. पण सकाळी मला वेणीसुद्धा घालता आली नाही.

आणि आता ही पोर.

मी तपासलं. डोकं बरंच खाली येऊन अडकलं होतं. फोर्सेप्स लावता येण्यासारखं होतं. फोर्सेप्स म्हणजे दोन पात्यांचा चिमटा. बाळाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी धरून अलगद बाहेर घ्यायचं.

“रूथबाई, क्लोरोफॉर्म तुम्ही द्या,” मी सिस्टरला म्हटलं.

“हात चालेल, बाई?”

“चालवायला हवा.”

म्हातारीला सांगितलं, “आजी, हात मोडला नाही, मुरगळलाय. तुम्ही बाहेर बसा.”

“देवाक सांगतंय,” म्हणून ती बाहेर गेली.

डावं पातं सहज बसलं. उजवं बसवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. बँडेज सोडून ठेवलं होतं, मनगटाला आधार नव्हता. ओढायचं काम मी डाव्या हातावर सोपवलं, उजवा नुसता वर टेकवला. झटका देणं शक्यच नव्हतं. कोपरं अंगाशी घट्ट धरली आणि पोरीला कळ येईल तशी सावकाश, एकसारखी ओढ दिली. कळ ओसरली की थांबायचं. पुन्हा कळ, पुन्हा ओढ. घाम डोळ्यांत उतरत होता आणि रूथबाई नाडी धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

डोकं सुटलं. मुलगी होती. निळसर आणि गप्प. मी तिच्या तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली. ती तरी गप्पच. मग एकदम असं रडली की बाहेरून म्हातारीची हाक आली, “माजा नातवंड काय गो ता?”

मी खाली स्टुलावर बसले. रूथबाई हसत होत्या आणि रडत होत्या. आईची वार नीट पडली, रक्तस्राव बेताचा होता. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मनगट सुजून टम्म झालं होतं, हे नंतर लक्षात आलं.

सिव्हिल सर्जन देवरुखहून परतले. पोरीला तपासलं, बाळाला तपासलं, मग माझ्या हाताकडे वळले.

“हा हात सरकारी कामाचा आहे. गोल्फ सोडा.”

“सोडत नाही, साहेब. स्विंग लहान करते.”

ते काहीतरी पुटपुटले. मी होकार समजले.

मनगट बरं झाल्यावर सड्यावर गेले. आता काठी खांद्याच्या वर न्यायची नाही. मनगट ताठ; चिमटा ओढताना दिला नव्हता तसा इथेही झटका नाही. भार डाव्या पायावर. आणि चेंडू गेला तरी नजर त्याच्या जागेवर. आधी मी तो कुठे गेला हे बघायला मान वर करी आणि तिथेच काठी जमिनीत घुसे. भोकाजवळच्या छोट्या फटक्यांतही बदल केला. पूर्वी चेंडू उंच उडवायची, की वारा तो काजूच्या झाडांत नेऊन टाकी. आता कमी तिरक्या तोंडाच्या काठीने तो जमिनीलगत नुसता ढकलायचा. कातळावरून घरंगळत तो आपोआप रेतीपर्यंत जाई.

माझा चेंडू पूर्वीइतका लांब कधीच गेला नाही. पण शिरीनबाईंना मी त्या हंगामात दोनदा हरवलं, आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही.

जांभ्यावर गोल्फ खेळणाऱ्याला माझं एवढंच सांगणं: आधी चेंडूला मारा. जमीन मग नाही लागली तरी चालेल.