भेंडीच्या शेजारचा होस्टा

अनसिंग गावाच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा आहे. घरामागं, कडुनिंबाच्या सावलीत, मी होस्टा लावला होता. थंड मुलखातलं झाड. वीतभर उंच, हिरव्या पानाला पिवळट पांढरी कड. कुरिअरनं मागवला आणि उन्हाळाभर माठातलं पाणी घालून जगवला. घरातली पहिली बी.एस्सी. मी, तीही वनस्पतीशास्त्रातली. आपल्याकडे हे झाड टिकत नाही म्हणणाऱ्यांना मला ते वाढवून दाखवायचं होतं.

सावली संपते तिथून माझ्या मोठ्या भावाची भेंडी सुरू होते. आदल्या हंगामात व्हायरसनं पानं पिवळी पडून ती सगळी गेली होती. आमच्याकडे पिवळं पान दिसलं की कोणी विचारत बसत नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि जाळायचं.

एका सकाळी तो विळा घेऊन होस्ट्यावर वाकलेला दिसला.

"ए बाई, व्हायरस पोसून राह्यली का घरात?"

"दादा, ते पान जलमाचंच तसं हाये. हात नको लावू!"

"कॉलेजात गेली म्हून मले शिकोतं काय?"

एका फटक्यात सगळी पानं खाली. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. त्यानं उलट्या हातानं हाणलं, माझा ओठ फुटला. मी त्याच्या मनगटाला अशी चावले की विळा सुटला. मग त्यानं वेणी धरून मला वाफ्यात लोळवलं आणि मुळावर टाच घातली. टाचेखालून मुळांचा गड्डा ओढून मी मुठीत आवळला. तो माझी बोटं मागं वाकवत होता, मी दुसऱ्या हातानं त्याच्या डोळ्यांत माती फेकत होते.

आईनं अख्खी बादली दोघांवर ओतली. "मरा आता! खाऊन टाका एकमेकायले!"

तो उठला. मनगटातून रक्त गळत होतं.

"लाव कुठंबी. पण माह्या भेंडीत एक पान पिवळं दिसलं, तं आधी हे जाळीन, मंग तुले पाह्यतो."

गड्डा मी मोरीच्या भिंतीआड लावला. तेव्हापासून उजाडलं की तोंड धुण्याआधी मी त्याच्या भेंडीत शिरते, पानं उलटून पाहते. व्हायरस पसरवणारी पांढरी माशी सापडली की तिथंच चिरडते. तो बांधावर उभा राहून बघतो.