सुतळी बांधलेली फांदी

आमच्या गार्डन क्लबने लावलेली सगळीच झाडं जगत नाहीत. किस्से मात्र सगळे जगतात! अमरावतीत आम्ही कॉलनीतली काही मंडळी रविवारी सकाळी खुरपी घेऊन जमतो, आणि घरी परतताना प्रत्येकाकडे सांगायला काही ना काही असतंच. या वर्षीचे बहुतेक किस्से वडाचे आहेत.

*

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात. फांदी आणायची, कुंडीत खोचायची आणि घरच्या घरी पूजा. त्यापायी झाडं ओरबाडली जातात. आमच्या अध्यक्ष मायाताई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांनी आम्हाला फलक देऊन बाजारात उभं केलं : ‘फांदी तोडू नका, झाडाकडे जा!’

एका बाईने थांबून फलक पूर्ण वाचला. मानही डोलावली.

“बराबर हाये बाई. पण जाऊ कोणत्या झाडाकडे? तुमी तं कॉलनीभर मोगराच लावून राह्यले!”

मायाताईंनी फलक गुंडाळला.

*

मग ठरलं, पूजा झालेल्या फांद्या गोळा करायच्या आणि कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर लावायच्या. जगतात की नाही, बघू तरी!

“बोटाएवढ्या काड्या कुठे जगते का?” गावंडेकाका म्हणाले. “अंगठ्याएवढी जाड पायजे.” काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, क्लबची अवजारं त्यांच्याकडे. वटपौर्णिमा आली की त्यांचा एक डायलॉग ठरलेला. तोही त्यांनी मारला : “सात जन्माचं तुमी बायका परस्पर ठरवता. आमाले कोणी इचारते का?”

एरवी गावंडेकाकू तिथल्या तिथे उत्तर द्यायच्या. यंदा त्या नागपूरला दवाखान्यात होत्या. हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. मुलगी त्यांच्याजवळ होती, काकांच्या एसटीने येरझारा चालू होत्या. डायलॉगवर कोणीच हसलं नाही. काकाही नाही.

*

पूजेच्या दुसऱ्या दिवशी मंदिरापुढे आम्ही मोठं टोपलं ठेवलं. ज्यांनी फांद्या आणून टाकल्या नाहीत, त्यांच्या दारी गेलो. एका वहिनींनी फांदी द्यायला साफ नकार दिला.

“तुमच्याकडे नाई जगली तं?”

“तं काय होते?” मी विचारलं.

“तं ह्यांचं काय?”

आतून नवऱ्याचा आवाज आला, “दे ना वो! दरसाल कुंडीत वाळतेच, मी मेलो का?”

*

दोरे तसेच ठेवून आम्ही फांद्या ओळीने लावल्या. आठवडाभरात एक गंमत दिसायला लागली. मॉर्निंग वॉकचे पुरुष प्लॉटपाशी रेंगाळू लागले! आमच्या कॉलनीत एक वकीलसाहेब आहेत. पूजाअर्चा म्हटलं की तासभर भाषण देतात. ते एका फांदीला बाटलीने पाणी घालताना मायाताईंना सापडले.

“वकीलसाहेब, एवढ्या ओळीत एकाच फांदीले पाणी?”

“बाकीच्यांचे नवरे येतील ना!”

*

पुढे एकदा बकऱ्या घुसल्या आणि निम्मी ओळ फस्त झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच धांदल. “आमचे गेले का, पाहून सांगा ना!” “आमचे काल संध्याकाळपर्यंत बरे होते!” त्यात नव्याने ग्रुपमध्ये आलेल्या एका काकांनी आधीचं काही न वाचता टाकलं, “भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्ययात्रा किती वाजता?”

आम्ही हसून लोटपोट. गावंडेकाकांनी मात्र त्याच दुपारी बाभळीच्या काट्या ओढून आणल्या आणि सगळ्या ओळीला कुंपण केलं. काड्या जगत नाहीत म्हणणारा माणूस हा! संध्याकाळी ते नागपूरच्या गाडीत बसले, कारण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

*

ऑपरेशन पार पडलं, काकू हळूहळू सावरू लागल्या. इकडे फांद्या मात्र एकेक करून वाळत गेल्या. पोळ्याच्या सुमाराला पाहिलं, तर एकीला लालसर कोंब फुटलेला!

कोणाची? सगळी कॉलनी पाहायला लोटली. प्रत्येकीला ती आपलीच वाटत होती, आणि वकीलसाहेब तर चष्मा पुसून दोनदा पाहून गेले. पण या फांदीवर पूजेचा पांढरा दोराच नव्हता. सुतळी होती, रोपाला काठी बांधताना घेतात तशी सैल, आठाच्या आकड्यात. फांदी अंगठ्याएवढी जाड. मायाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. क्लबमध्ये अशी गाठ एकच माणूस मारतो.

काकू घरी आल्यावर पहिल्याच रविवारी काकांचा हात धरून प्लॉटवर आल्या. खूप वाळल्या होत्या, चार पावलांवर थांबत होत्या. त्यांना पाहून मला रडूच यायला लागलं. आम्ही खुर्ची दिली, कोंब दाखवला. त्यांनी सुतळीवरून बोट फिरवलं.

“ही गाठ तं तुमची हाये.”

काका खुरपीची माती काढू लागले. “तू तिकडे होती. पूजा चुकली असती.”

“फेरे?”

“मारले ना. कुंडी अंगणात घेतली आन् मारले सातही. गुडघा भल्ला दुखला.”

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्या काकांकडे वळल्या.

“सात जन्माचं ठरवून मोकळे झाले! आन् मले इचारलं?”